बोटं भरत नाहीत

आई, तुझ्या हातांची मला किळस यायची. हे तुला माहीत होतं असं मला वाटतं, तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस एवढंच. तुला माहीत नव्हतं ते दुसरंच. आपली खानावळ समोरच्या खोलीतल्या काकूच्या तोंडामुळे बुडाली असं तू मरेपर्यंत धरून चाललीस. तिच्याशी पंधरा वर्षं बोलली नाहीस. शेवटच्या आजारपणात ती पेजेचं भांडं घेऊन आली तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवलंस. काकूनं कोणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. हे आधीच लिहून टाकते, कारण माझी खोड मला ठाऊक आहे. लिहीत गेले की मी हळूहळू स्वतःची बाजू घ्यायला लागते. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. काळाचौकीची आपली चाळ आता पाडायला घेतली आहे, निम्मी बिऱ्हाडं गेली, आणि काकू काल, रविवारी, कायमची गावाला गेली. ती जाण्याआधी तिच्यापुढे हे कबूल करायचं की तिलाही तुझ्यासारखंच अंधारात ठेवून जाऊ द्यायचं, एवढाच प्रश्न होता. तो मी बावीस वर्षं उद्यावर ढकलत आणला होता.

मी काय काम करते ते तुला अर्धंच माहीत आहे. तू होतीस तेव्हा मी परळच्या इस्पितळात, त्वचेच्या विभागात, केसपेपर लावत होते. आता मी उजेडाच्या खोलीत असते. माणूस उभा राहील एवढं एक कपाट, आत चारी बाजूंनी लांब नळ्या, त्यांचा जांभळट निळा उजेड आणि वर घरघरणारा पंखा. पेशंटनं काळा चष्मा लावून आत उभं राहायचं आणि मी बाहेर बसून सेकंद लावायचे. येणाऱ्यांत कोडवालेच जास्त. त्यांच्याबरोबर येणारी माणसं मी रोज बघते आणि रोज माझं डोकं फिरतं. सुनेला घेऊन आलेली सासू पदर नाकाला लावून बसते, जशी काही आत गटार उघडली आहे. एक गृहस्थ बाक रुमालानं पुसून बसतात, आणि बाजूला त्यांचाच सख्खा भाऊ डाग घेऊन बसलेला असतो. लग्न ठरलेल्या मुलींच्या आया माझ्या कानाशी लागतात, ताई, मुहूर्त जवळ आलाय, थोडी मिनिटं वाढवून द्या. पापड भाजायचा आहे का, असं मी एकदा विचारलं होतं, तर माझी तक्रार झाली. मी सगळ्यांना तेच सांगते की हे लागत नाही, शिवण्यानं होत नाही, एका ताटात जेवलात तरी होत नाही. पाठ झालेल्या आरतीसारखं म्हणते.

हे सांगायला मी शिकले ते विभागातल्या डॉक्टरबाईंकडून. त्यांनी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली मला कातडीचा वरचा थर दाखवला. त्यात पहारेकरी पेशी असतात गं, हातपाय फाकून बसलेल्या, एकीची बोटं दुसरीला टेकतील अशा. बाहेरचं काही आत शिरलं की त्याचा तुकडा पकडायचा, काखेतल्या, मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचायचं आणि तिथे बसलेल्या लढाऊ पेशींना दाखवायचं, की हा परका, याला बघून ठेवा. एवढंच त्यांचं काम, वर्दी देण्याचं. कोडात ही वर्दी चुकीची जाते. कातडीला रंग देणारी घरचीच पेशी परकी ठरते आणि लढाऊ पेशी येऊन तिला मारून टाकतात. असं का होतं ते अजून कोणाला पुरतं कळलेलं नाही. त्या कपाटातला उजेड म्हणजे उन्हातलाच एक तुकडा, अतिनील म्हणतात तो. तो ठरलेल्या मापात पडला की पहारेकरी जागा सोडून जातात, जे उरतात त्यांना धड वर्दी देता येत नाही, लढणाऱ्यांतले काही मरतात, आणि आता पुरे म्हणणाऱ्या वेगळ्याच पेशी पुढे येतात. मारामारी थांबते. मग केसांच्या मुळाशी लपून राहिलेल्या रंगाच्या पेशी हळूहळू वर सरकतात. पांढऱ्या डागावर तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागतात, ठिपके एकमेकांना मिळतात, आणि आम्ही म्हणतो, डाग भरला. पण माप चुकलं, उजेड जास्त झाला, की कातडी भाजते, आणि झोपवलेला पहारेकरी खऱ्या चोरालाही आत सोडतो. म्हणून मी सेकंद मोजते.

शुक्रवारी एक मुलगी आली होती. तेवीस-चोवीसची, गिरगावातली, हातांच्या पाठीवर आणि मनगटांवर डाग. आठवड्यातून तीनदा येते, सोमवार, बुधवार, शुक्रवार. आई बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसते. मी तिचे हात उलटेपालटे करून बघितले, मनगटावर ठिपके यायला लागलेत म्हणून सांगितलं, आणि नेहमीची आरती म्हटली. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या हातांकडे बघत विचारलं, "ताई, लागत नाही म्हणता, मग तुम्ही ग्लोव्हज का घालता?" मी म्हटलं, नियम आहे. असा कुठलाही नियम नाही. खोलीतली दुसरी बाई उघड्या हातांनी बघते, डॉक्टरबाई तर पेशंटच्या पाठीवर हात फिरवत गप्पा मारतात. मी एकटी घालते. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मलाही स्वतःला विचारायची वेळ आली नव्हती. ती मुलगी हो म्हणून चष्मा लावून आत गेली. मी बटण दाबलं आणि मला एकदम तुझ्या हळदीचा वास आला.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा मागचा कोपरा, दोन स्टोव्ह आणि मोरी. बाबा गेल्यावर तू खानावळ काढलीस, दोन पाळ्यांचे मिळून अठरा-वीस मेंबर, अजून गिरणी धरून असलेले आपल्याच गावाकडचे लोक. तू सकाळी उठून आधी हळद भिजवायचीस आणि दोन्ही हातांना मनगटापर्यंत चोळायचीस. मला वाटायचं ती बांगडे मुरवायला. मासळीला हळद-मीठ लावणाऱ्या बाईचे हात पिवळे असायचेच, त्यात कोणाला काय वावगं दिसणार? पण रात्री भांडी घासली की हळद उतरायची आणि बोटं दिसायची. टोकाकडून पांढरी होत निघालेली, ओली, कच्च्या बांगड्याच्या पोटासारखी. त्या बोटांनी तू माझा भात कालवायचीस. मी अकरा वर्षांची. घास तोंडात घ्यायचे, गालात धरायचे आणि मोरीत जाऊन थुंकायचे. माझा स्टीलचा पेला मी फडताळाच्या खाली वेगळा ठेवायला लागले. खिळ्यानं त्यावर खूण केली. तू तो पेला सापडल्यावर बराच वेळ हातात धरून बसलीस, आणि मग म्हणालीस, वेगळा ठेवायचा तर ठेव, पण मग तो घासायचाही तूच. यापलीकडे रागावली नाहीस. एक थोबाडीत दिली असतीस तर फार बरं झालं असतं.

कोणीतरी तुला कोडावर बावचीचं तेल सांगितलं. लालबागला मसाल्याच्या दुकानांच्या ओळीत काष्ठौषधीवाला होता, त्याच्याकडून तू ती बाटली आणलीस. तेल लावायचं आणि कोवळ्या उन्हात बसायचं, असं त्यानं सांगितलं होतं. पण कोवळं ऊन पडायचं तेव्हा तुझ्या स्टोव्हवर आमटी असायची. तुला वेळ मिळायचा दुपारी, पहिली पंगत उठल्यावर. म्हणून तू भर बाराच्या उन्हात चाळीच्या गच्चीवर जायचीस, काकूच्या पापडांच्या शेजारी हात पसरून बसायचीस, आणि मी गजराचं घड्याळ घेऊन जिन्यात, सावलीत. पंधरा मिनिटं झाली की हाक मारायची, हे माझं काम. पापड वाळवायला येणाऱ्या काकूनं तिथेच तुझे हात पाहिले. तिनं काही विचारलं नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून तुझ्या डोक्यावर ओला पंचा टाकायला लागली. चाळीत, आपल्या दोघींखेरीज, तुझ्या हातांचं माहीत असलेली ती एकटीच. निदान तुझा तसा समज होता. एके दिवशी मी गोष्टींचं पुस्तक वाचत बसले आणि हाक मारायची विसरले. विसरले असं मी इतकी वर्षं म्हणत आले आहे. घड्याळ माझ्या मांडीवर होतं आणि काटे मला दिसत होते. जरा जास्त भाजलं तर लवकर जाईल, असं माझ्या मनात आलं होतं. संध्याकाळी तुझ्या हातांवर द्राक्षांएवढे फोड उठले, आणि चार दिवसांत ओठांवर ‘जर’ उठला, तापात येतो तसा पाण्याच्या फोडांचा झुबका. त्याकडे बघून मला ओकारी आली. आज मला माहीत आहे तो कशामुळे उठला. उन्हानं पहारेकरी हाकलले होते आणि ओठाच्या नसेत पडून राहिलेल्या विषाणूला रस्ता मोकळा मिळाला होता. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आई सगळीकडून नासत चालली आहे.

आणि याहून वाईट म्हणजे, ती बोटं भरणारच नव्हती. केस नाही तिथे मूळ नाही, मूळ नाही तिथे लपून राहिलेली रंगाची पेशीही नाही. हातांच्या पाठी भरतात, मनगटं भरतात, चेहरा तर लवकर भरतो. बोटांची टोकं आणि ओठ क्वचितच. पेशंटला हे सांगताना मी नजर केसपेपरवर ठेवते. तू अख्खा उन्हाळा गच्चीवर भाजून घेतलास तो फुकट. तो काष्ठौषधीवाला, त्याचं बावचीचं तेल, तुझी हळद, माझं घड्याळ, सगळ्याची मला आता शिसारी येते.

फोडांवर हळद लावता येईना, म्हणून तू हाताला फडकी गुंडाळून वाढायला लागलीस. भाजलं, म्हणून सांगितलंस. लोकांनी मानलंही. पंगतीत कोपऱ्याला बसणारे एक बुवा होते, चाळीच्या भजनात पखवाज वाजवायचे. तुझ्या सोलकढीवर त्यांचा फार जीव. एका दुपारी ते मला म्हणाले, पोरी, तू आमच्या पंगतीला का बसत नाहीस, आईच्या हातचं गोड लागत नाही होय? थट्टाच होती. तू मागे तव्यावर मासे उलटत होतीस, त्या चरचरीत तुला काही ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "मला आईच्या हातांची किळस येते. तिला कोड आहे." अगदी स्वच्छ म्हटलं, शाळेत धडा वाचून दाखवावा तसं. त्यांचा घास अर्ध्यावर थांबला. तो त्यांनी ताटात ठेवला, त्याच ताटात पाणी ओतून हात धुतले आणि उठले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आठवड्याभरात पाच मेंबर राहिले, महिन्याभरात एकही नाही. कोणी भांडलं नाही, कोणी कारण दिलं नाही. येता-जाता आपल्या दाराशी आले की ते अंग चोरायचे. याच लोकांच्या जेवणावळीची खरकटी तू दोन वर्षं काढली होतीस. त्यांची किळस येते मला, आजही येते, आणि त्या रांगेत पहिला नंबर माझा.

तू मला विचारलंसच नाहीस. रिकामी पातेली पालथी घालताना तू म्हणालीस, हे काकूचंच काम, दुसऱ्या कोणाला माहीत होतं? आणि माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. वरून खाली, एकदाच. त्या एका मानेवर तुमची पंधरा वर्षं गेली. तू फॉल-बिडिंगची कामं घ्यायला लागलीस, साड्यांच्या गठ्ठ्यात हात दिसत नाहीत म्हणून. काकू पहिले काही महिने विचारत राहिली, मग गप्प झाली. समोरासमोरची दारं, पण तुम्ही पाणीसुद्धा वेगवेगळ्या वेळी भरायला जायचात. माझी नोकरी लागली त्या दिवशी तू मला मनगटी घड्याळ दिलंस, आठवतं? ते तू रुमालात धरून पुढे केलंस, तुझं बोट मला लागू नये म्हणून. मी ते रुमालातून उचलून घेतलं आणि छान आहे म्हटलं. तो रुमाल मी तुला परतही केला नाही, कचऱ्यात टाकला.

शनिवारी मी दादरच्या घरून निघाले ते इस्पितळात न जाता सरळ काळाचौकीला गेले. निम्म्या चाळीला दारं-खिडक्या उरलेल्या नाहीत. काकू चौऱ्याऐंशीची, खोलीत बोचकी बांधून ठेवलेली, एक स्टोव्ह तेवढा बाहेर. आदल्या रात्री फोनवर येते म्हटलं होतं म्हणून तिनं तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. मला पाट दिला, वाढलं आणि समोर बसली. मी पहिला घास घेतला आणि तिनं विचारलं, दर वेळी विचारते तेच. "तुझ्या आवशीन माझ्या हातचा पाणी घेतल्यान नाय. मी काय केलंय तिचा? मी कोणाक सांगूक नाय गो." दर वेळी मी म्हणायचे, जाऊ दे काकू, आजारी माणूस. शनिवारी मी सांगितलं. बुवांचं, पंगतीचं, मान हलवल्याचं, सगळं. गच्चीवरच्या घड्याळाचंही सांगितलं, जे तिनं विचारलंही नव्हतं. सांगताना मी रडेन असं वाटलं होतं, तर आवाज अगदी सपाट निघाला, पेशंटला सूचना देताना निघतो तसा.

मला वाटलं होतं, काकू म्हणेल लहान होतीस. आपल्याकडे म्हातारी माणसं असं म्हणतात, आणि मी त्याच आशेवर गेले होते हे आता लिहायला हरकत नाही. ती तसं म्हणाली नाही. तिचा चेहरा आकसत गेला, नाकपुड्या वर चढल्या. तो चेहरा मला पाठ आहे, आई. अकरा वर्षांची असताना फडताळाच्या आरशात मी तो माझ्या तोंडावर पाहिला आहे. ती म्हणाली, "जेव आनि जा. ताटात काय टाकू नको." मग ती उठून खिडकीशी पाठ करून उभी राहिली. मी जेवले. एक काटा न ठेवता जेवले, ताट आणि पेला मोरीत नेऊन ठेवला. चपला घालताना वळून बघितलं तर काकू मोरीपाशी आली होती. माझा पाण्याचा पेला तिनं दोन बोटांनी काठाला धरून उचलला, बाकीच्या भांड्यांत न ठेवता मोरीच्या उंबऱ्याबाहेर, फरशीवर, एकटा ठेवला. काल सकाळी ती गेली. निरोप द्यायला मी गेले नाही.

आज सोमवार. हे लिहितेय ते उजेडाच्या खोलीतच, जेवणाच्या सुट्टीत, वापरून झालेल्या केसपेपरांच्या पाठीवर. हे कागद जायचे कुठे? काळ्या चष्म्यांच्या खोक्यात तळाशी घालून ठेवीन, तिथे कोणी हात घालत नाही. सकाळी ती गिरगावची मुलगी आली होती. मनगटावरचे ठिपके वाढलेत. तिनं हात पुढे केले आणि माझ्याकडे बघत थांबली. आज काहीतरी वेगळं होईल असं तिला वाटलं असावं, तसं मलाही सकाळी निघताना वाटलं होतं. तू हे वाचणार नाहीस म्हणूनच लिहितेय, आई. मी खण उघडला आणि हातमोजे घातले.